दिव्यांच्या रात्री आणि एका मुक्कामाच्या सहली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्तिक लागला की साताऱ्यातले माझे निम्मे नातेवाईक तेच चार प्रश्न विचारतात, आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडून उत्तरं ऐकून पाचवा विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. फोटोग्राफी मी कुठल्या शाळेत शिकलेली नाही. नवरा, सासू-सासरे, जावा, त्यांची पोरं आणि दोन-तीन मैत्रिणी असा लवाजमा घेऊन बारा-तेरा वर्षं वाई, माहुली, प्रतापगड, कवठेएकंद करते आहे. जे फोटो बिघडले त्यांनीच जास्त शिकवलं.

आपल्याकडे दिव्यांचे असे उत्सव कुठे आणि कधी असतात?

सगळ्यात मोठी रात्र त्रिपुरारी पौर्णिमेची, म्हणजे कार्तिक पौर्णिमेची. कृष्णाकाठची गावं त्या संध्याकाळी घाटावर येतात. वाईचे घाट, साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची माहुली, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, सांगलीचे घाट, आणि सांगलीला लागूनच कृष्णा-वारणा मिळतात ते हरिपूर. शंकरानं त्रिपुरासुराला जाळलं ती ही तिथी, त्यामुळे शिवमंदिरांच्या दीपमाळाही पेटतात. घरोघरी बायका त्रिपुरवात लावतात. ती वळायला सासूबाई दिवाळी संपल्या संपल्या कापूस घेऊन बसतात.

त्याआधी नवरात्रात प्रतापगड. गडावरच्या भवानीमातेच्या उत्सवात चतुर्थीच्या रात्री तटबंदीवर शेकडो मशाली पेटवतात. मग दसऱ्याच्या रात्री तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद. तिथे श्री सिद्धराजाच्या पालखीपुढे रात्रभर शोभेच्या दारूचं काम चालतं. ते दिव्यांच्या उत्सवापेक्षा सर्वस्वी वेगळं प्रकरण आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

थंडी ओसरायला लागली की वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. वाईला सात घाट, आणि एकेका घाटावर आळीपाळीनं कृष्णाबाई बसते. त्या वेळी पणत्या कमी, विजेच्या माळा जास्त. गर्दी मात्र बेताची असते. रात्रीचे फोटो शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण आज चुकलं तर उद्या परत जाता येतं.

पहिल्यांदाच जातोय. एकच ठिकाण निवडायचं तर?

वाई, आणि तिथेही गणपती घाट. वाद नको.

कारण सांगते. घाटाला पायऱ्या आहेत, म्हणजे दिव्यांच्या ओळी आपोआप एकावर एक चढत जातात. समोर पाणी, म्हणजे प्रत्येक दिवा दोनदा दिसतो. आणि पाठीशी ढोल्या गणपतीचं देऊळ. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ नदीच्या पात्राला इतकं लागून आहे की पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची बाजू माशासारखी निमुळती केली आहे. दिवसा ती भिंत कुणी बघतही नाही. रात्री खालून पणत्यांचा उजेड तिच्यावर चढतो तेव्हा दगडाचा गोलवा कळतो. शिखराच्या मागे लागलेले लोक ही भिंत विसरतात. तुम्ही विसरू नका.

साताऱ्याहून हायवेनं पाचवड फाटा, तिथून आत वळलात की वाई. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. पुण्याकडून येणाऱ्यांनी सुरूर फाट्यावर वळायचं. सांगलीकर पेठ नाक्याला हायवेला लागतात आणि कऱ्हाड, सातारा मागे टाकून येतात. त्यांनी दुपारी जेवून लगेच निघावं, वामकुक्षी गाडीत.

घाटावर किती वाजता पोचायचं?

साडेचारला. या एका उत्तरावर आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं.

सगळ्यांना वाटतं, दिव्यांचे फोटो म्हणजे काळोख पडल्यावर. खरा फोटो मिळतो तो सूर्य मावळल्यानंतर साधारण दहाव्या मिनिटापासून पस्तिसाव्या मिनिटापर्यंत. आभाळ त्या वेळी निळं-जांभळं असतं, देवळाचं शिखर त्यावर ओळखू येतं, माणसांचे आकार दिसतात आणि दिवेही पुरेसे उजळलेले असतात. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे सव्वासहा ते पावणेसात एवढाच काय तो वेळ. सात वाजता आभाळ काळं ठिक्कर, आणि फोटोत उरतात काळ्या कागदावरचे पिवळे ठिपके. ते वाईचे की वाराणसीचे, कुणालाही सांगता येणार नाही.

साडेचार एवढ्यासाठी की गाडी लावायला जागा मिळते, उजेडात घाट फिरून दोन जागा हेरून ठेवता येतात आणि कुठली पायरी शेवाळलेली आहे ते कळतं. शेवाळाची बाब मी अनुभवानं सांगते, जास्त विचारू नका.

मोबाईलवर जमेल का, की कॅमेरा लागतोच?

जमेल. गेल्या काही वर्षांतले मोबाईल रात्रीच्या फोटोत इतके सुधारलेत की माझ्या जावेच्या फोनमधला फोटो कधीकधी माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोपेक्षा आधी फ्रेममध्ये जातो. फक्त पथ्यं पाळा. भिंग पुसा, आणि पदरानं नको. पदराला तेलाचा हात लागलेला असतो, मग प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं. नाईट मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद उघडा असतो, तेवढा वेळ तो कठड्यावर किंवा दीपमाळेच्या कट्ट्यावर टेकवा. दिव्यावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, ज्योत पांढरी फटक न दिसता ज्योतीसारखी दिसेपर्यंत. चिमटीनं झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

फ्लॅश बंद. हे वेगळं सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं.

कॅमेऱ्याचं सेटिंग सरळ सांगा ना. पुस्तक नको.

घाट, पाणी, देऊळ, माणसं नकोत : ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ (भिंगाचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तेवढं तोंड मोठं) ८, शटर चार ते आठ सेकंद. बटण हातानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. स्क्रीनवर फोटो बघून ज्योती पांढऱ्या दिसल्या तर शटरचा वेळ निम्मा करा.

हातात कॅमेरा, समोर पणती लावणारी वहिनी : एफ १.८ किंवा २.८, शटर १/८०, आयएसओ १६०० ते ३२००. दाणे आले तर येऊ देत. हललेला फोटो सुधारत नाही, दाणेदार फोटो चालून जातो.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाईलमध्ये ठेवा. आणि पन्नास मिलिमीटर एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स असेल तर तीच न्या. महागड्या मोठ्या झूमपेक्षा पणतीच्या उजेडात ती जास्त कामाची आहे, वर गळ्याला ओझंही नाही.

दिव्यांच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे का येतात?

ज्योतीचा उजेडच तसा असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, त्या मापात पणतीची ज्योत साधारण १९०० च्या आसपास, दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या जवळ. कॅमेरा ऑटोवर असला की तो मधलंच काहीतरी धरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते सेटिंग, हातानं २८०० ते ३२०० वर लावा. अगदी १९०० वर नेऊन पिवळेपणा पुसून टाकू नका, तसं केलं की दिवे ट्यूबलाईटसारखे दिसतात आणि घाटाचा दवाखाना होतो. माणसाला पणतीजवळ थोडं पिवळं दिसायचंच असतं.

खरा घोळ होतो तो एका बाजूला पणत्या आणि दुसऱ्या बाजूला मंडळानं लावलेला पांढरा हॅलोजन असला की. अर्धा चेहरा हळदीचा, अर्धा निळा. त्यावर सेटिंग नाही. चार पावलं सरकणं हाच उपाय.

विजेच्या माळांसमोर फोटोत आडवे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला का?

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, आणि कॅमेऱ्यातलं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. पट्टे जातील.

रात्रीचा ग्रुप फोटो कधीच धड येत नाही. निम्मे काळे, निम्मे हललेले. काय करायचं?

आता मुद्द्यावर आलात. देवळाचे फोटो इंटरनेटवर हजारो आहेत. पण आजी, आबा, तीन जावा आणि सात पोरं एका फोटोत, सगळ्यांचे डोळे उघडे, मागे दिवे, असा फोटो जगात फक्त तुमच्याकडे असणार आहे. मेहनत घ्यायची तर त्यावर घ्या.

पहिली गोष्ट, पायऱ्यांचा उपयोग करा. घाटावर बारा माणसं एका रांगेत उभी करणं म्हणजे रेशनचं दुकान. तीन पायऱ्यांवर बसवा. मोठी माणसं मधल्या पायरीवर, पोरं खाली, उंच पुतणे वर उभे. बसलेली माणसं कमी हलतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. पायाशी ओळीनं पणत्या ठेवल्या की उजेड खालून वर जातो, हनुवटी उजळते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि सगळं खानदान भुताच्या गोष्टीतलं वाटतं. उजेड छातीच्या उंचीवर हवा. पुढच्या दोघी-तिघींच्या हातात ताम्हण द्या, त्यात चार-पाच निरांजनं. तरीही कमी पडतो. मग एकानं बाजूला उभं राहून मोबाईलची बॅटरी लावायची, पण नुसती नाही. नुसती बॅटरी चोर पकडल्यासारखी दिसते.

इथे आमच्या आबांच्या टोपीचा शोध लागला. एका वर्षी बॅटरीपुढे धरायला पांढरा रुमाल शोधत होते, मिळेना. आबांनी डोक्यावरची गांधीटोपी काढली, तिच्यात फोन घातला आणि धरून उभे राहिले. खादीच्या दुहेरी पदरातून असा मऊ, दुधाळ उजेड आला की तीन पायऱ्यांवरचे सगळे चेहरे एकसारखे उजळले. तेव्हापासून टोपी सामानाच्या यादीत आहे. अडचण एकच, त्या फोटोत आबा नसतात. म्हणून दुसरा फोटो काढायचा आणि तेव्हा टोपी जावईबापूंनी धरायची.

सेटिंग : एफ ४, शटर १/६०, आयएसओ ३२००. पाच-सहा फोटो सलग घ्या. "स्माईल" म्हणू नका, त्यावर पोरं तोंडं वाकडी करतात. "कुणी हलायचं नाही" म्हटलं की सगळे हसतात आणि हलतही नाहीत.

ट्रायपॉड न्यावा का?

न्या, पण साडेसहापर्यंतच उघडा. गर्दी वाढली की पसरलेले तीन पाय म्हणजे अडखळायला निमित्त. पाय लागून पणती सांडली तर काठाच्या साड्या असतात तिथे, खेळ नाही. माझ्या ट्रायपॉडच्या एका पायाचं रबर करडईच्या तेलानं कायमचं बुळबुळीत झालंय, तेव्हापासून तो पाय दगडावर टिकत नाही. आता खाली जुना पायमोजा चढवते.

पौर्णिमेचा चंद्र आणि घाट एकाच फोटोत कसे घ्यायचे?

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास पूर्वेला उगवतो, आणि हीच वेळ आपली आहे. तेव्हा तो तांबूस, मंद असतो, आभाळात अजून उजेड असतो, त्यामुळे दोन्ही एका फोटोत मावतात. आठ वाजता तोच चंद्र उन्हातल्या दगडाइतका प्रखर असतो. त्याच्यासाठी १/१२५, एफ ८, आयएसओ १०० लागेल, आणि त्यात घाट दिसणारच नाही. घाटासाठी शटर उघडं ठेवलंत तर चंद्राचा बल्ब होतो. म्हणून उगवतीलाच घ्या, नाहीतर नाद सोडा. दोन फोटो जोडून मोठ्ठा चंद्र चिकटवणारे आहेत. ते त्यांना लखलाभ.

कवठेएकंदला जावं का? मुलांना न्यावं का?

जावं. मुलांना नेऊ नये. निदान दहाच्या आतल्यांना नाहीच.

सांगलीहून तासगाव रस्त्यानं हे गाव लागतं. गावातली मंडळं कित्येक दिवस आधीपासून तयारीला लागलेली असतात. दसऱ्याला सोनं लुटून झालं की पालखी निघते आणि मग गल्लीगल्लीत दारूकाम. दारू ठासलेले लाकडी औट पेटले की ठिणग्यांचा फुलोरा झाडाएवढा उठतो, आणि तो बघायला माणसं झाडाएवढ्याच अंतरावर उभी असतात. आवाज कानात नाही, बरगडीत ऐकू येतो. गावासाठी ही देवाची सेवा आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. हे डोक्यात ठेवूनच जावं. अपघातही झालेत. दारू ती दारूच.

अंगात सुती कपडे, पूर्ण बाही, नायलॉनची ओढणी नको. पायात बूट. कानात कापूस. डोळ्याला साधा झीरो नंबरचा चष्मा. गल्लीत घुसू नका. ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर जागा मिळाली तर सोनंच मिळालं असं समजा. वारा कुठून वाहतोय ते आधी बघा, तो पाठीवर येईल अशी जागा धरा, म्हणजे धूर तुमच्याकडे न येता पलीकडे जातो. पहिल्या अर्ध्या तासात आभाळ स्वच्छ असतं, नंतर सगळा पांढरा पडदा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर दोन ते चार सेकंद, फोकस आधीच हातानं लावून ठेवलेला. ठिणगी उठायच्या आधी शटर उघडायचं. उठलेली दिसल्यावर बोट दाबलं तर फक्त धूर मिळतो. लेन्सवर साधी काचेची फिल्टर चढवा. माझ्या फिल्टरवर टाचणीच्या टोकाएवढे दोन खड्डे आहेत. ते लेन्सवर पडले असते तर हा परिच्छेद मी इतक्या शांतपणे लिहिला नसता.

प्रतापगडच्या मशालींसाठी काय वेगळं?

रस्ता. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटानं उतरायचं, आणि त्या दिवसांत धुकं हमखास. ज्याला घाटाची सवय आहे त्याच्याच हातात गाडी द्या, रात्री परत उतरायची घाई करू नका. गडाला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना आधी विचारा, वर गेल्यावर नव्हे.

फोटोसाठी : मशाल पणतीसारखी शांत जळत नाही, फडफडते. आठ सेकंद शटर ठेवलं तर ज्योतीची नुसती मेणचट पट्टी दिसते. एक ते दोन सेकंदच ठेवा. धुकं आलं तर वैतागू नका, उजेड धुक्यात पसरतो आणि तटबंदीच्या कडा त्यावर उमटतात. माझा तिथला सगळ्यात आवडता फोटो धुक्यातलाच आहे, आणि तो काढताना मी धुक्याला शिव्या घालत होते.

ड्रोन उडवू का?

नको. माणसांच्या डोक्यावर तर नाहीच. ड्रोनला २०२१ चे नियम आहेत, गर्दीच्या ठिकाणी पोलिसांची परवानगी लागते. आणि घाटावर आरती चालू असताना वरून घोंघावणारं ते यंत्र कुणालाच आवडत नाही.

अनोळखी बायका दिवे लावत असतात. त्यांचे फोटो काढले तर चालतं का?

विचारून. "काकू, तुमचा फोटो काढू का?" एवढंच. बहुतेक हो म्हणतात, पदर सारखा करतात आणि नेमका तो सहज भाव जातो, हे खरं. मग एक त्यांच्या मनासारखा सरळ उभ्यानं काढायचा, त्यांना दाखवायचा. त्या परत वातीकडे वळल्या की दुसरा. नदीत स्नान करणाऱ्यांचे आणि घाटावर क्रियाकर्माला बसलेल्यांचे फोटो मात्र विचारूनही काढू नयेत.

ग्रुप केवढा असावा? गाडी कोणती करावी?

आठ ते चौदा. त्याखाली गेलं तर ती सहल नाही, जोडप्यांची भेट होते. वर गेलं तर लग्नाचं वऱ्हाड. दोन मोटारींपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरी. दोन गाड्या घेतल्या की "तुम्ही कुठवर आलात" यात निम्मा रस्ता जातो, आणि चहाला हमखास वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात. ट्रॅव्हलरमध्ये मागची सीट कॅमेऱ्याच्या बॅगेची. तिथे कुणी लाडूचा डबा ठेवू नये अशी नम्र विनंती, म्हणजे दर वर्षी नम्र असते.

मुक्काम कुठे करावा?

वाईत राहिलात तर घाट चालत. पाचगणी वर बारा-तेरा किलोमीटरवर, हवा छान, पण पौर्णिमेच्या रात्री घाट चढून जाणं आणि जेवण उशिरा होणं आलं. लहान मुलं असतील तर वाईच.

बुकिंग लेखी घ्या. एका वर्षी आम्ही फोनवर चार खोल्या ठरवल्या, आगाऊ रक्कमही पाठवली, आणि रात्री साडेनऊला तेरा माणसं दारात उभी असताना मालकांनी सांगितलं की तीन खोल्या दुसऱ्यांना गेल्या. उरलेल्या एका खोलीत बायका आणि पोरं, पुरुष मंडळी ट्रॅव्हलरमध्ये. आबा म्हणाले, शेतावर राखणीला असंच झोपायचो. बाकीचे काही बोलले नाहीत, पण सकाळी त्यांचे चेहरे बोलत होते. तेव्हापासून खोल्यांची संख्या, तारीख आणि दिलेली रक्कम मेसेजवर लिहून घेते, आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करते.

पैशाचा हिशेब कसा ठेवता? आमच्यात त्यावरूनच वाजतं.

निघायच्या आधी माणशी ठरावीक वर्गणी, मुलांची निम्मी, आजी-आजोबांची नाही. एकच खजिनदार, आणि तो सगळ्यात श्रीमंत नसावा, सगळ्यात चिकट असावा. आमच्याकडे धाकटे दीर. डिझेल, मुक्काम, जेवण वर्गणीतून. ज्याला पेढे घरी न्यायचेत, त्यानं खिशातून. परतताना गाडीतच हिशेब वाचून दाखवायचा. घरी गेल्यावर पाठवतो म्हणणाऱ्याचा हिशेब पुढच्या दिवाळीला येतो.

फोटो काढणाऱ्यापायी बाकीचे ताटकळतात. "झालं का तुझं?" ऐकून कान किटले. काय करू?

चूक तुमची आहे. माझीही होती.

पहिली तीन-चार वर्षं मी सहाला कॅमेरा डोळ्याला लावायचे तो नऊला काढायचे. फोटो चांगले आले. पण त्या वर्षांत मी घाटावर एकही दिवा लावलेला नाही. धाकटी पुतणी पहिल्यांदा द्रोणात दिवा सोडताना पाण्यात हात घालायला घाबरत होती, काकीच हवी म्हणून हाका मारत होती, हे मला नंतर जावेनं सांगितलं. मी वीस फुटांवर होते, एका दीपमाळेवर फोकस लावत.

आता आमचा ठराव असा : सव्वासहा ते पावणेसात मला कुणी हाक मारायची नाही. मरणाचं काम असेल तरच. पावणेसातला ग्रुप फोटो. सातला कॅमेरा बॅगेत, बॅग गाडीत. त्यानंतर काही अफाट दिसलं तरी ते डोळ्यांनी बघायचं. अर्ध्या तासाची हमी मिळाली की माणूस भराभर काम करतो, आणि बाकीच्यांनाही कळतं की हे अमर्याद नाही. त्या अर्ध्या तासात बाकीच्यांनी पणत्या मांडायच्या, तेल घालायचं. म्हणजे मी मोकळी होते तेव्हा माझ्या वाटणीच्या पणत्या तयार असतात.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर?

घडीची खुर्ची एक, शाल दोन. नदीकाठी सात वाजता चांगलंच गारठतं. मुलांच्या खिशात घरच्या फोननंबरची चिठ्ठी. पाण्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय कुणी जायचं नाही, यात लाडाकोडाला जागा नाही. पेटलेल्या पणत्यांच्या रांगेवरून फ्रॉकचा घेर जातो तिकडे लक्ष ठेवा.

खायचं काय?

संध्याकाळी घाटावर जायच्या आधी पोटभर, कारण नंतर रांगा. आम्ही घरून भाकरी, खर्डा आणि दशम्या नेतो. सांगलीकडचे पाहुणे आले तर भडंग आणतात आणि गाडीभर सांडतात. परतताना साताऱ्याचे कंदी पेढे. सांगलीच्या बाजूला जाणार असाल तर पेठ-ईश्वरपूर (म्हणजे आधीचं इस्लामपूर) पट्ट्यात अख्खा मसूर आणि रोटी, ते चुकवू नये.

दुसऱ्या दिवशी काय बघावं?

सकाळी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. सकाळी आठच्या उन्हात घाट फार देखणा दिसतो आणि रात्री ज्यांचे डोळे मिटलेले आले त्यांचा फोटो पुन्हा काढता येतो. परतीच्या वाटेवर लिंबची बारा मोटेची विहीर. अष्टकोनी, आत चक्क छोटा महाल. तिथे खाली वाकून बघणाऱ्या पोरांची कॉलर धरून ठेवा.

लेन्सवर सारखं धुकं येतं, पुसलं की परत येतं.

दव आहे. एसीनं गार झालेल्या गाडीतून थेट नदीकाठच्या दमट हवेत कॅमेरा काढला की हे होणारच. पोचल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा. थंडीत बॅटरीही लवकर उतरते, जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा.

फोटो सगळ्यांना कसे पाठवायचे? व्हॉट्सॲपवर घाण होतात.

डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग दाबले जात नाहीत. आणि सगळे चारशे पाठवू नका. वीस पाठवा. आईंचा म्हणजे सासूबाईंचा नियम याहून कडक : त्यांना फोनवर बघायचे नसतात, कागदावर हवे असतात, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला जागा चारच फोटोंची आहे. त्यामुळे दरवर्षी जुन्यातला एक काढून नवा लागतो आणि कुठला काढायचा यावर आठवडाभर चर्चा चालते.

२०२६ ला त्रिपुरारी पौर्णिमा कधी आहे?

२४ नोव्हेंबर, मंगळवार. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत, दसराही २० ऑक्टोबरला. चंद्र सूर्य मावळायच्या जरा आधीच वर आलेला असेल, म्हणजे साडेचारचं सव्वाचार करा. मंगळवार असल्यामुळे बुधवारी शाळा आहे. रजेचे अर्ज आताच लिहून ठेवा, आणि कारण "घरगुती कार्यक्रम" असं लिहा. खोटं नाही ते.